परदेशातल्या जागा : वाचून जावं की कोरं जावं?

पायवाट

आमच्या घरात हा वाद जुना आहे. कुठं जायचं ठरलं, तिकिटं काढून झाली, की नवरा त्या जागेबद्दल मिळेल ते वाचत सुटतो. इतिहास, नकाशे, कुठल्या दारानं आत शिरायचं, कुठल्या खांबावर काय कोरलंय. मी त्यातलं अक्षरही वाचत नाही. समोर आलेली गोष्ट मला आधी डोळ्यांनी बघायची असते. माहिती काय, परत आल्यावरही मिळते.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा जपानमधल्या क्योटोचा. तिथल्या ऱ्योआन-जी देवळात पांढऱ्या खडीची बाग आहे. झाड नाही, पाणी नाही. दंताळ्यानं रेघा ओढलेली खडी, तिच्यात गटागटानं मांडलेले १५ दगड आणि त्यांच्या बुडाशी थोडं शेवाळ. साधारण २५ मीटर लांब, १० मीटर रुंद. कडेच्या लाकडी ओट्यावर बसायचं आणि बघायचं. गंमत अशी की ओट्यावर कुठंही बसा, पंधराच्या पंधरा दगड एका वेळी दिसत नाहीत. एखादा तरी कुणाच्या तरी आड जातोच. हे प्रत्येक माहितीपुस्तकात छापलेलं आहे. त्यामुळं ओट्यावरची निम्मी माणसं बोटं हलवत दगड मोजत होती. चौदा भरले की सरकायचं, पुन्हा मोजायचं. आमचे हेही त्यातच.

मी बागेमागच्या मातीच्या भिंतीकडं बघत बसले. तिच्यावर तांबूस, काळपट, तेलकट ओघळ उठलेत. इतके सुंदर की मुद्दाम रंगवलेत असं वाटावं. (माती तेलात उकळून ती भिंत घातली होती आणि ते तेल हळूहळू बाहेर झिरपत आलंय, हे नंतर कळलं. कुणाकडून, ते सांगायला नकोच.)

तर तुमचं काय? परदेशात बघितलेली कुठली जागा अजून डोक्यातून जात नाही, आणि तिथं जाण्याआधी तिच्याबद्दल काही ठाऊक असण्याचा फायदा झाला की तोटा? ‘दोन्ही हवं’ असं गुळमुळीत उत्तर देणाऱ्यांनी निदान एक जागा तरी सांगावी.

आळशी अजगर

मी तुमच्या पार्टीत. कारण मात्र तत्त्वाचं नाही, वाचायच्या कंटाळ्याचं आहे.

इस्तंबूलमध्ये पावसानं गाठलं. समोर तिकिटाची रांग दिसली, छप्पर दिसलं, उभा राहिलो. खाली काय आहे याचा पत्ताच नाही. तळघरासारखं काहीतरी असेल म्हणून जिना उतरलो आणि जागच्या जागी थांबलो. जमिनीखाली खांबच खांब, रांगांमागून रांगा अंधारात गेलेल्या, खाली उथळ पाणी आणि त्यात उलटे पडलेले तेच खांब. वरून थेंब पडला की सगळं हलायचं आणि परत जुळायचं. किती वेळ तिथं होतो कोण जाणे. पाऊस केव्हाच थांबला होता.

अगदी टोकाला दोन खांबांच्या बुडाशी मेड्युसाची (ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली बाई) डोकी आहेत, एक आडवं, एक उलटं. हे आधी वाचलेलं असतं तर मी तडक तिकडंच गेलो असतो, फोटो काढून दहा मिनिटांत बाहेर. माझ्यासमोर कितीतरी लोकांनी नेमकं तेच केलं.

नकाशा

अजगरराव, तुम्ही पाहिलंत ते बॅसिलिका सिस्टर्न. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात बांधलेली पाण्याची टाकी. खांब ३३६, प्रत्येक सुमारे ९ मीटर उंच. आणि आता न वाचल्यामुळं तुमचं काय हुकलं ते सांगतो. ते खांब एकसारखे नाहीत. बरेचसे जुन्या, पडलेल्या इमारतींतून उचलून आणलेत, म्हणून कुणाचा माथा नक्षीदार तर कुणाचा सपाट. जिथं फक्त पाणी साठणार आणि एकदा भरल्यावर कुणी बघणारच नाही, तिथं नवा दगड कशाला घडवायचा! मेड्युसाही बहुधा तशाच आलेल्या. उंची जुळवायला खाली ठेवायला दगड हवा होता, तो मिळाला. लोक मात्र तिच्या शापाच्या गोष्टी सांगतात.

मी उघड उघड वाचणाऱ्यांपैकी. माझं म्हणणं एवढंच की काही जागा कोऱ्या माणसाला काहीच देत नाहीत. इटलीतलं, ज्वालामुखीनं गाडलेलं पॉम्पेई घ्या. न वाचता गेलेला माणूस तिथं तासाभरात कंटाळतो. ऊन, धूळ आणि छप्पर उडालेल्या भिंतींच्या गल्ल्या. सगळ्या सारख्याच. माझ्यासोबतची मंडळी सावली शोधत होती आणि मी रस्त्याकडं बघत चाललो होतो. चौकाचौकात रस्त्याच्या मधोमध उंच, सपाट दगड बसवलेत. रस्त्यातून पाणी आणि घाण वाहायची, ती न तुडवता पलीकडं जाता यावं म्हणून. दोन दगडांत जागा सोडलेली, गाड्यांची चाकं तिथून जावीत म्हणून. आणि फरसबंदीत चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या बरोबर त्या फटींतून जातात. बोट घालून पाहा, चांगल्या खोल आहेत.

त्याहून मला आवडलं ते नाक्यावरचं पाणवठ्याचं कुंड. मधे तोटीचा दगड, त्यावर कोरलेला चेहरा, त्याच्या तोंडातून पाणी यायचं. प्यायला वाकणारा माणूस एक हात कुंडाच्या काठावर टेकणार. तर त्या काठावर हात टेकायच्या जागी दगड झिजून खळगा झालाय. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसनं गाव गाडलं, तेव्हा तो खळगा तिथं होताच. मी हात ठेवला, बरोबर बसला. हे मला कुणी दाखवलं नाही, मी शोधत गेलो म्हणून सापडलं. आणि शोधत गेलो ते वाचलं होतं म्हणून.

कुतूहलकर

वाद चुकीच्या जागी चाललाय असं माझं मत. वाचून जाता की न वाचता यानं काही होत नाही, काय वाचून जाता यानं होतं.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या दालनात उभं राहून पाहा. चित्र ७७ बाय ५३ सेंटीमीटरचं, काचेमागं, आणि पुढं फोन उंचावलेले हात. त्या गर्दीतल्या प्रत्येकाला मोनालिसाबद्दल ठाऊक असतं. १९११ मध्ये ती चोरीला गेली, दोन वर्षांनी सापडली, हे पण ठाऊक असतं. आणि सगळ्यांची पाठ असते व्हेरोनेझेच्या चित्राकडं, जे त्या संग्रहालयातलं सगळ्यात मोठं चित्र आहे. जवळपास १० मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच. बायबलमधल्या काना गावच्या लग्नाची पंगत, शंभरावर माणसं, मधोमध वादक, त्यांच्यापुढं दोन कुत्री, उजवीकडं पाण्याच्या रांजणाशी चाळा करणारं मांजर. मी त्या मांजरापुढं हवा तितका वेळ उभा राहिलो, एकाचाही धक्का लागला नाही. १५६३ मध्ये पुरं झालेलं हे चित्र व्हेनिसच्या मठातल्या जेवणघरासाठी होतं, तिथून नेपोलियनच्या फौजेनं १७९७ मध्ये उचलून आणलं, ते परत गेलंच नाही. म्हणजे चोरीचीच गोष्ट हवी असेल तर मागं वळून बघा की!

लोक वाचतात ते यादी करायला. पहिल्या दहा जागा, मग त्यातल्या पाच, मग ‘इथं उभं राहून फोटो काढा’. त्याला वाचन म्हणू नका.

दोन बॅगा

+१. ‘इथं उभं राहून फोटो काढा’ लिहिणाऱ्यांना सक्तीनं त्या रांगेत उभं केलं पाहिजे.

नकाशा

जॉर्डनमधल्या, खडकात कोरलेल्या पेट्रा शहराचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. सव्वा किलोमीटरच्या अरुंद घळीतून चालत गेलं की समोर खडकात कोरलेली ती सुप्रसिद्ध ‘खजिन्या’ची दर्शनी भिंत. वर एक दगडी कलश आहे, त्यात सोनंनाणं असणार या समजुतीनं पूर्वी बेदुईन (तिथले भटके अरब) त्यावर गोळ्या झाडत. त्यांचे टवके अजून दिसतात. कलश आतून भरीव आहे. कोरं गेल्याचे परिणाम, दुसरं काय!

आळशी अजगर

नकाशाकाका, उलट आहे. कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं म्हणूनच झाडल्या ना गोळ्या? कोरा माणूस कलश बघून पुढं गेला असता.

नकाशा

हे मात्र बिनतोड. मानलं.

रातकिडा

माझी जागा नॉर्वेमधलं ट्रोम्सो. आर्क्टिक वृत्ताच्या बरंच वर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही. दुपारी तासदोनतास क्षितिजाकडं निळसर-गुलाबी उजेड येतो आणि जातो. आम्ही गेलो ते अर्थातच उत्तरेचे प्रकाश (ऑरोरा, रात्रीच्या आभाळातले रंगीत पट्टे) बघायला.

इथं मी वाचणाऱ्यांच्या बाजूनं. गावाबाहेर, अंधारात, बर्फात उभे होतो. डोक्यावर एक फिकट पांढुरका पट्टा आला. गटातल्या एका बाईंनी विचारलं, ढग आलेत, आता परत जायचं का? मला ठाऊक होतं की मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा काही सेकंद उघडा राहून प्रकाश साठवतो, म्हणून फोटोत गडद हिरवं येतं. डोळ्यांना बऱ्याचदा ते राखाडीच दिसतं. त्यांच्या फोनवर फोटो काढून दाखवला. हिरवागार. त्या जाम खूश झाल्या, आणि त्यानंतर सगळा वेळ फोनच्या पडद्यावर बघत राहिल्या. (म्हणजे मी त्यांचं भलं केलं की वाटोळं, हे तुम्हीच ठरवा.)

उशिरा एकदम जोर धरला. तेव्हा मात्र नुसत्या डोळ्यांना हिरवं दिसलं, पडद्याच्या चुण्या हलाव्यात तसं हलताना. खालच्या काठाला क्षणभर गुलाबी कड चमकून गेली. ऑक्सिजनमुळं हिरवा, खालच्या थरातल्या नायट्रोजनमुळं ती कड, हे सगळं पाठ होतं. त्या वेळी त्यातलं काही आठवलं नाही. आवाज अजिबात नाही, याचंच आश्चर्य वाटत राहिलं. एवढी मोठी हालचाल आभाळभर चाललीय आणि खाली फक्त लोकांच्या बुटांखालचा बर्फ कुरकुरतोय.

शेवटची ओळ

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते.

हिरोशिमाला मी शक्य तितकं वाचून गेले होते. ६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ, जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर झालेला स्फोट. ज्या इमारतीचा सांगाडा आज जपून ठेवलाय ती १९१५ मध्ये एका चेक वास्तुरचनाकारानं औद्योगिक प्रदर्शनासाठी बांधली होती. स्फोट जवळजवळ थेट वरून आल्यानं काही भिंती आणि घुमटाची लोखंडी चौकट उभी राहिली. सगळं ठाऊक होतं. मला वाटलं होतं, तयारी आहे.

संग्रहालयात दगडी पायऱ्यांचा एक तुकडा ठेवलाय. बँकेच्या पायऱ्या. बँक उघडायची वाट बघत कुणीतरी तिथं बसलं होतं. भोवतालचा दगड स्फोटाच्या उष्णतेनं पांढुरका झाला आणि जिथं माणूस होतं तेवढाच भाग गडद राहिला. याचाही फोटो मी आधी पाहिला होता. फोटोत तो डाग असतो. तिथं त्या पायरीची उंची कळते. आपण बसतो तेवढीच पायरी. त्यानंतरची दालनं मी नीट बघितली नाहीत.

बाहेर आले तर सांगाड्याजवळून ट्राम गेली, शाळेच्या मुलांनी भरलेली. स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, शहराच्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम परत सुरू झाली होती, आणि तेव्हा वाचलेल्या गाड्यांपैकी काही दुरुस्त होऊन पुढं कितीतरी दशकं धावल्या. मी त्या ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. काही बघायचं नव्हतं, नुसती बसून होते.

वादात मी कुठल्या बाजूला, ते मला सांगता येणार नाही. पायवाट, तुम्ही हिरोशिमाला गेला असाल तर न वाचता जाऊन काय वाटलं, ते ऐकायला आवडेल.

पायवाट

शेवटची ओळ, आम्ही क्योटोहूनच परतलो, हिरोशिमा राहिलं. गेलो तरी तिथं कोरं जाणं कुणाला शक्य आहे असं वाटत नाही. बाकी तुमच्या पायरीबद्दल वाचल्यावर धाग्याचं नाव जरा उथळ वाटायला लागलंय. राहू दे.

नवरा हे सगळं वाचतोय आणि म्हणतोय, अंकोर वाटचं लिही. लिहिते, नाहीतर तो खातं उघडेल.

कंबोडियातलं हे प्रचंड देऊळ बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं बांधलं, विष्णूसाठी. पश्चिमाभिमुख आहे. पहाटे सगळे पर्यटक पुढच्या तळ्याकाठी दाटीनं उभे राहतात, शिखरांमागून सूर्य वर येतो, त्याचं प्रतिबिंब पडतं, आणि मग गर्दी न्याहारीला पांगते. नवऱ्यानं मला त्या वेळी ओढत थेट पूर्वेच्या ओवरीत नेलं. तिथं समुद्रमंथनाचं कोरीव काम आहे, जवळजवळ ४९ मीटर लांब. सकाळचं ऊन त्या बाजूनं तिरपं आत येतं आणि दगडाला उठाव येतो. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, हातात वासुकी, मधे कासवावर पर्वत आणि विष्णू. गोष्ट मला नवी नव्हती. पण खाली समुद्र कोरलाय तो कुणी बघत नाही. टोकाकडं मासे, मगरी मजेत पोहतायत. जसजसं मध्याकडं जावं तसतशी त्यांची दाटी होते आणि पर्वताजवळ, जिथं घुसळण जोरात आहे, तिथं त्यांचे तुकडे झालेत. मासा मधोमध तुटलेला, शेपूट एकीकडं, डोकं एकीकडं. अमृत निघणार त्या जागी! हे कुठल्या मूर्तिकाराला सुचलं असेल?

तर नवऱ्याचं श्रेय: वेळ आणि बाजू. मासे मी शोधले. त्याच्या पुस्तकात नव्हते.

खिडकीजवळची सीट

मासे आवडले.

वाद बाजूला ठेवून एक भर. आपल्या आधी आलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवलेलं वाचायला मिळतं, अशी एक जागा श्रीलंकेत आहे. सिगिरियाचा खडक. पाचव्या शतकात कश्यप राजानं त्यावर राजवाडा बांधला. वर चढताना मधे एक भिंत लागते, गुळगुळीत गिलावा केलेली. तिच्यात आपलं प्रतिबिंब दिसायचं म्हणतात. राजा गेला, राजवाडा ओस पडला, पण लोक वरची स्त्रियांची चित्रं बघायला येत राहिले आणि त्या भिंतीवर कविता खरडून जात राहिले. कितीतरी शतकं. बहुतेक सिंहलीत. अभ्यासक परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या. कुणी त्या चित्रातल्या बायकांवर भाळलंय, कुणी त्या बोलत नाहीत म्हणून रुसलंय, कुणी फक्त आपलं नाव लिहून ‘मी आलो होतो’ एवढंच कळवलंय. थोडक्यात हाच धागा, फक्त संपादक नसलेला.

मी हे न वाचता गेलो असतो तर ती एक पिवळट भिंत होती. तिरपं बघितलं की बारीक अक्षरं दिसतात, ओळीवर ओळ चढलेली. आता लिहायला सक्त मनाई आहे, आणि ते बरंच आहे, नाहीतर आपल्या पिढीनं काय लिहिलं असतं त्याची कल्पना करवत नाही.

कुतूहलकर

वा! याला जोड इस्तंबूलची. हागिया सोफिया या बायझंटाईन काळातल्या चर्चच्या वरच्या सज्जात संगमरवरी कठड्यावर उत्तरेकडच्या कुणा व्हायकिंगानं रूनी या त्यांच्या जुन्या लिपीत नाव कोरलंय. ‘हाल्फदान’ एवढंच धड वाचता येतं. बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राटाच्या पदरी असले लढवय्ये असत. लांबलचक प्रार्थना चालली असेल, उभा राहून कंटाळला असेल. अजगरराव, हा तुमचा पूर्वज.

आळशी अजगर

सज्जात गेलो होतो. कठड्याला टेकून उभाही होतो. नाव दिसलं नाही. तुम्ही लोक माणसाला सुखानं अडाणी राहू देत नाही.

दोन बॅगा

मंडळी, कला-इतिहासाचं वाचा नाहीतर नका वाचू, पण ऋतू आणि उंची एवढं तरी वाचून जा हो. आमच्याबरोबर सासू-सासरे असतात, त्यामुळं मला दुसरं काही परवडत नाही.

पेरूमधलं माचू पिचू, इंका लोकांचं जुनं डोंगरी शहर, २,४३० मीटरवर आहे. ते सगळ्यांना उंच वाटतं. प्रत्यक्षात विमान उतरतं ते कुस्को त्याहून जवळजवळ हजार मीटर वर, साधारण ३,४०० वर. त्रास तिथं होतो. आम्ही उतरल्या उतरल्या गाडीनं खालच्या खोऱ्यात ओयांताइतांबोला गेलो, २,८०० च्या आसपास, आणि कुस्को परतीच्या वाटेवर ठेवलं. सासूबाई आमच्या सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढून वर. तिथं त्यांनी दोन दगडांच्या सांध्यात नख घालून बघितलं, गेलं नाही, आणि मग दिसेल त्या भिंतीत घालून बघत सुटल्या. चुना-माती काही न वापरता बसवलेले दगड आहेत. देखरेखीच्या माणसानं हसून हात जोडले तेव्हा थांबल्या.

रातकिडा

सासूबाईंना सलाम. त्यांना सांगा, धाग्यात सगळ्यात खरा अभ्यास त्यांचाच.

आळशी अजगर

दोन बॅगा, ऋतूचा विषय काढलात म्हणून विचारतो. व्हिक्टोरिया धबधब्याला जायचं चाललंय, नोव्हेंबरमध्ये. मी काही वाचलेलं नाही हे सांगणे न लगे. चालेल ना?

दोन बॅगा

नोव्हेंबर म्हणजे पाणी अगदी कमी. झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा तेव्हा कोरडा पडतो, तिथूनच बघायचं ठरवलं असेल तर नुसता खडक बघून याल. झिंबाब्वेच्या बाजूला राहा, मुख्य धारा तिकडं वर्षभर असतात. उलट एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं असतं की तुषारांच्या धुक्यात समोरचं काही दिसत नाही, नुसतं भिजायचं आणि आवाज ऐकायचा. तो कडा १,७०० मीटरहून जास्त रुंद आहे, त्यामुळं कुठं उभं राहता यावर सगळं अवलंबून.

आळशी अजगर

वाचलो. म्हणजे, वाचलं नसतं तर फसलो असतो. पण मला तो धुक्याचा प्रकारच जास्त आवडेल असं वाटतंय. तिकिटं अजून काढलेली नाहीत, एप्रिल करू का?

नकाशा

करा. जमल्यास पौर्णिमा गाठा. भरपूर पाणी असताना पौर्णिमेच्या रात्री तुषारांत चंद्राचं इंद्रधनुष्य दिसतं, आणि त्यासाठी उद्यान रात्री उघडं ठेवतात. याहून जास्त काही सांगत नाही.

पायवाट

नकाशाकाका, सांगितलंतच की सगळं! आता हा तिथं जाऊन तेच शोधत बसणार.